‘कुटुंबवत्सल’ म्हणजे नेमकं काय?

एक छोटी टेस्ट देऊ या. मार्क नाहीत, निगेटिव्ह मार्किंग तर अजिबात नाही. तुमच्या आजोबांचा पहिला पगार किती होता? गाव सोडून शहरात आले, तेव्हा पहिल्या रात्री ते कुठे झोपले? त्यांचा जिवलग मित्र कोण? आणि आयुष्यातला एक निर्णय बदलायला मिळाला असता, तर त्यांनी कुठला बदलला असता?

चारपैकी एकाचं जरी उत्तर देता आलं असेल, तरी तुम्ही माझ्या पुढे आहात. माझे आजोबा गेल्या वर्षी गेले, तेव्हा मला एकाचंही येत नव्हतं. बरं, मी काही सुट्टीत भेटणारी नात नव्हते. वीस वर्षं एकाच घरात, एकाच टीव्हीसमोर, रिमोटवरून भांडत काढलेली.

ते गेले त्या दुपारी काका म्हणाले, ‘‘तू मास मीडिया करतेस ना, मग पेपरसाठी दोन ओळी लिही.’’ मी लिहिलं, ‘कष्टाळू, शिस्तप्रिय, मनमिळाऊ आणि कुटुंबवत्सल.’ दुसऱ्या दिवशी पेपर उघडला, तर त्याच पानावर आणखी तीन आजोबा होते. तिघेही कष्टाळू, तिघेही मनमिळाऊ, तिघेही कुटुंबवत्सल. फोटो अदलाबदल झाले असते, तरी कुणाला कळलं नसतं. मला तेव्हा रडू आलं ते आजोबा गेले म्हणून, की मला त्यांच्याबद्दल एवढंच लिहिता आलं म्हणून, हे अजून सांगता येत नाही.

तेराव्यानंतर त्यांच्या खाटेखालची पत्र्याची ट्रंक उघडली. आत गिरणीतला बिल्ला होता, फंडाची कागदपत्रं होती आणि सुतळीने बांधलेला मनीऑर्डरच्या पोचपावत्यांचा गठ्ठा होता. ज्यांनी मनीऑर्डर पाहिलेलीच नाही (म्हणजे आपण सगळेच), त्यांच्यासाठी सांगते. पैसे पोचले की घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असलेली पावती पाठवणाऱ्याकडे परत यायची. या पावत्यांवर पणजीचा अंगठा होता. निळसर, पुसट, दर महिन्याचा एक.

मग आजी बोलायला लागली. आजोबा 1958 साली संगमेश्वरकडून निघाले, जयगडला बोट धरली आणि मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरले. लालबागला गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राहिले. एका खोलीत वीसेक माणसं. दिवसपाळीवाले कामाला गेले की रातपाळीवाले त्याच जागेवर झोपणार. गिरणीत सुरुवातीला ते ‘बदली’ होते. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल, तर त्या दिवसाचं काम मिळणार, नाहीतर घरी. पुढे साचेखात्यात, म्हणजे माग चालतात तिथे, ते कायम झाले. तिथे आवाज इतका की माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची. त्या आवाजाने अनेकांचे कान गेले. आजोबांचेही.

आता माझी गोष्ट ऐका. माझ्या फोनमध्ये एक व्हिडिओ आहे. मी हळू आवाजात काहीतरी विचारते, आजोबा ‘‘काय? काय?’’ करतात आणि मागे माझे भाऊ हसतात. इन्स्टावर टाकला होता. तेव्हा भरपूर लाइक्स आले होते. आता डिलीट करवत नाही आणि बघवतही नाही.

पण ट्रंकेतली खरी गोष्ट पुढे आहे. पावत्यांमध्ये 1982 आणि 83 च्याही पावत्या होत्या. मुंबईच्या गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला, हे आपण कुठेतरी वाचलेलं असतं. डॉ. दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार, पगारवाढ आणि बोनसची मागणी, वर्षाहून जास्त काळ लांबलेला आणि अधिकृतपणे कधीच मागे न घेतलेला संप. परीक्षेत पाच मार्कांना येतो. मात्र संपात पगार बंद असतो, हे वाक्य वाचताना मी कधी थांबलेच नव्हते. पगार बंद, तर मग गावी पैसे कुठून जात होते?

आजोबा रात्री भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्या उचलायला जायचे. ज्या धक्क्यावर चोवीस वर्षांपूर्वी उतरले, तिथेच. चाळीत कुणाला सांगितलं नव्हतं. रक्कम कमी कमी होत गेली, पण मनीऑर्डर एकदाही चुकली नाही. पणजी गेली तोवर तिला संपाचा पत्ता नव्हता. हे ऐकताना माझा ऊर भरून आला. वाटलं, चला, ‘कुटुंबवत्सल’ला पुरावा मिळाला.

आत्या कोपऱ्यात पावत्या लावत बसली होती. ती म्हणाली, ‘‘टोपल्यांवर दोन घरं चालत नाहीत गं. आई दादरला धुणी-भांडी करायला लागली. मग घरात स्वयंपाक कोण करणार, तुझ्या बाबाला कोण सांभाळणार? शाळा सोड, असं मला कुणी म्हणालं नाही. फक्त त्या जूनमध्ये माझी नववीची पुस्तकं आली नाहीत. तुझ्या बाबाची आली.’’

माझे बाबा शिकले, नोकरीला लागले, डोंबिवलीला घर झालं, मी कॉलेजात आले. हे सगळं ज्या हिशेबावर उभं आहे, त्यात आत्याची नववी आहे. आमच्या घरात हा हिशेब त्रेचाळीस वर्षं कुणी बोललंच नव्हतं.

दर जूनमध्ये आजोबा आत्याकडे जायचे. तिच्या मुलींच्या वह्यांना खाकी कव्हरं घालून द्यायचे, लेबलवर स्वतः नावं लिहायचे. आम्ही त्याला आजोबांची हौस म्हणायचो. मी आत्याला विचारलं, ‘‘ते सॉरी होतं का?’’ ती म्हणाली, ‘‘असेल. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.’’

म्हणून माझा मुद्दा असा आहे. आपण घरातल्या मोठ्या माणसाला ‘त्यागमूर्ती’ म्हणून फ्रेममध्ये घालतो, तेव्हा आपण त्याचा मान राखत नाही; त्याच्याबद्दल जाणून घ्यायचं टाळतो. ‘त्यांनी घरासाठी खूप केलं’ या वाक्याला पुढचे प्रश्न विचारायलाच हवेत. काय केलं? कधी? त्याची किंमत आणखी कुणी मोजली? बहुतेक घरांत या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एखादी आजी, एखादी आत्या, एखादी मावशी असते. तिचं नाव निधनवार्तेत ‘असा परिवार आहे’ या तीन शब्दांत संपतं.

काही जण म्हणतील, गेलेल्या माणसाचं कशाला उकरायचं? आमच्या काकांनीही हेच म्हटलं. पण मला विचाराल तर आजोबा माझ्या नजरेतून उतरले नाहीत. उलट पहिल्यांदाच मला एक माणूस दिसला. चाळिशीतला, पगार बंद झालेला, दोन घरं ओढणारा आणि अडचणीत सापडल्यावर त्या काळातल्या बहुतेक बापांनी घेतला असता तोच निर्णय घेणारा. तो निर्णय चुकीचाच होता. त्यांचं प्रेमही खरं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे पचवायला जड जातं, पण आपण आता लहान नाही.

आणि हे फक्त घरापुरतं नाही. लोअर परळला आपण ज्या फिनिक्स मॉलमध्ये फिरतो, तिथे फिनिक्स मिल होती. कमला मिलच्या आवारात आता ऑफिसं आणि रेस्टॉरंट आहेत. गिरणगावातल्या माणसांशी बोलून, त्यांच्याच शब्दांत त्यांचा इतिहास नोंदवायचं काम मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी केलं; ते पुस्तक 2004 साली आलं. त्यांनी कुणाला तरी जाऊन विचारलं, म्हणून ते उरलं. तुमच्या घरात गिरणी नसेल. ऊस असेल, एसटी असेल, शाळामास्तरकी असेल, फाळणीनंतरचं कॅम्पातलं दुकान असेल. तिथे विचारायला बाहेरून कुणी येणार नाही. ते काम तुमचंच.

कसं विचारायचं? ‘आजोबा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा ना,’ असं म्हणाल, तर ‘त्यात काय सांगायचं’ हेच उत्तर येईल. वस्तू पुढे ठेवा. जुना फोटो, रेशन कार्ड, घड्याळ. पैशांबद्दल विचारा, जेवणाबद्दल विचारा, कुठल्या बसने जायचात ते विचारा. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी घ्या, आणि त्याची रील करू नका. आजीला वेगळं गाठा. आजोबांसमोर ती ‘हेच सांगतील’ म्हणते. आणि जो म्हणतो ‘माझं काही विशेष नाही’, त्याच्याकडे दोनदा जा.

पुढच्या महिन्यात आजोबांचं वर्षश्राद्ध आहे. काकांनी पुन्हा मजकूर मागितलाय. मी या वेळी फोटोखाली ते चार शब्द लिहिणार नाही. एक पान लिहिलंय, घरातच वाचायला. त्यात बोट आहे, बदलीचं गेट आहे, धक्क्यावरच्या टोपल्या आहेत आणि न आलेली पुस्तकं आहेत. आधी आत्याला वाचून दाखवलं. तिने दोन तारखा दुरुस्त केल्या आणि म्हणाली, ‘‘कव्हरांचंही लिही. नीट घालायचे ते.’’

तुमचे आजोबा असतील, तर आज रात्री जेवताना एकच प्रश्न विचारा. पहिला पगार किती होता, आणि त्याचं काय केलंत? कमी ऐकू येत असेल, तर जवळ जाऊन बसा आणि पुन्हा विचारा.