दोन तारा, एक घर

भोरच्या बाजारपेठेतील व्यापारी कुटुंबाचे घर म्हणजे बहुधा खाली दुकान आणि वर किंवा मागे राहते घर. अशा घरात दोन तारा दोन वेगळ्या काळांत आणि दोन वेगळ्या कारणांनी आल्या. पहिली दूरध्वनीची. ती पेढीसाठी आली. पुण्याचे भाव समजावेत, माल कधी निघाला ते कळावे म्हणून आजोबांनी अर्ज करून, वाट पाहून ती घेतली. दुसरी केबलची. ती घरासाठी आली. मुलांनी आणि घरातील स्त्रियांनी दूरचित्रवाणीसाठी तिचा आग्रह धरला. पुढे इंटरनेट आले आणि या दोन्ही तारा त्याच कामावर हक्क सांगू लागल्या. दूरध्वनीच्या तारेवरून येणाऱ्या सेवेला डीएसएल म्हणतात, दुसरीला केबल इंटरनेट. दोहोंपैकी कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता महिन्याच्या भाड्याचा वाटतो. प्रत्यक्षात त्यावर दुकानाचा हिशेब, मुलांचा अभ्यास आणि काही अंशी पुढची पिढी गावात राहणार की नाही, हेही अवलंबून असते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी मॉडेम दूरध्वनीचा क्रमांक फिरवून जोडणी करी आणि तेवढा वेळ दूरध्वनी अडकून पडे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट इतक्या वेगाला ब्रॉडबँड म्हटले आणि जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमने दूरध्वनीच्या तारेवरूनच ही सेवा देण्यास आरंभ केला. केबलचा प्रसार १९९१ च्या आखाती युद्धानंतर झपाट्याने झाला. १९९५ मध्ये तिच्यासाठी कायदा झाला आणि २०१७ पर्यंत लहान शहरे व खेडी धरून देशभर केबलचे प्रक्षेपण डिजिटल करण्याचे ठरले. दरम्यान अपेक्षाही वाढल्या. २०२३ पासून सेकंदाला किमान २ मेगाबिट, म्हणजे पूर्वीच्या सुमारे आठपट वेग असेल तरच त्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणावे, असे सरकारने ठरवले.

डीएसएलची युक्ती साधी आहे. माणसाच्या बोलण्यासाठी तांब्याच्या तारेची फारच थोडी क्षमता लागते. दूरध्वनीचा आवाज चार किलोहर्ट्झच्या आत मावतो. त्यावरची रिकामी जागा इंटरनेटसाठी वापरली जाते. भिंतीवर बसवलेली स्प्लिटर नावाची छोटी डबी आवाज आणि इंटरनेट वेगळे करते, म्हणून बोलणे आणि काम एकाच वेळी चालते. या पद्धतीचा मोठा गुण असा, की घरापासून दूरध्वनी केंद्रापर्यंतची तारांची जोडी त्या एका ग्राहकाचीच असते. शेजाऱ्याने रात्री चित्रपट पाहिला म्हणून या तारेवरचा वेग उतरत नाही.

दोष आहे तो अंतराचा. केंद्राच्या अगदी जवळ सेकंदाला वीस मेगाबिटच्या वर जाऊ शकणारी हीच तार पाच किलोमीटरवर एक-दोन मेगाबिटवर येते. हे अंतर नकाशावरचे नव्हे, तारेचे मोजायचे. खांबाखांबांवरून आणि जमिनीखालून वळसे घेत ती किती लांब आली, ते महत्त्वाचे. शिवाय तांब्याच्या तारेला जागोजागी सांधे असतात. भोरच्या पश्चिमेस हिरडस मावळात पाऊस कोसळतो, तसे सांध्यांत पाणी शिरते, तांबे गंजते आणि आधी आवाजात खरखर येते, मग इंटरनेट तुटू लागते. म्हणून डीएसएलची परीक्षा विनाखर्च करता येते. पाऊस पडत असताना दूरध्वनीचा रिसीव्हर उचलून कानाला लावावा. खरखर ऐकू आली, तर त्या तारेवर इंटरनेट बहुधा धड चालणार नाही, असे समजावे.

केबलची तार जाड असते. मध्ये तांबे, भोवती विद्युतरोधक थर आणि त्यावर धातूची जाळी. तिची वहनक्षमता दूरध्वनीच्या तारेपेक्षा कितीतरी अधिक आहे. पण ती गल्लीतील सर्वांची सामाईक असते. पहाटे वेगाने चालणारी जोडणी रात्री आठ ते दहा या वेळात मंदावते, ती याच कारणाने. अशा मार्गावर संदेश सशक्त करणारी उपकरणे असतात व त्यांना वीज लागते. घरात इन्व्हर्टर असूनही दुसऱ्या गल्लीतील वीज गेल्यामुळे घरचे इंटरनेट बंद पडते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. त्याचे उत्तर येथे आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आपल्याकडे केबलवाल्याने दिलेले इंटरनेट दरवेळी केबलच्या तारेतून येतेच असे नाही. लहान गावांत अनेक केबलचालक चौकापर्यंत काचतंतू, म्हणजे फायबर आणतात आणि तेथून घरापर्यंत संगणक जोडण्याची साधी तार ओढतात. काही आता थेट घरापर्यंत काचतंतू आणतात. तिघांनाही बोलण्यात ‘केबलचे नेट’ म्हणतात. गुण मात्र तिघांचे वेगळे. म्हणून घरात येणारी तार नेमकी कोणती, हा पहिला प्रश्न विचारलाच पाहिजे.

जाहिरातीत जो वेग सांगितला जातो, तो घेण्याचा असतो. देण्याचा वेग बहुधा लहान अक्षरांत लपलेला असतो. डीएसएलमध्ये घेण्याचा वेग पुष्कळ आणि देण्याचा अल्प, ही त्या पद्धतीची मूळ रचनाच आहे. नुसते पाहणाऱ्या-वाचणाऱ्या घराला ते चालते. व्यापाऱ्याचे तसे नसते. तो मालाची छायाचित्रे ग्राहकांना पाठवतो, हिशेबाची प्रत दूरच्या संगणकावर ठेवतो, पुण्यात बसून भोरच्या दुकानातील कॅमेरा पाहू इच्छितो. ही सगळी कामे देण्याच्या वेगावर चालतात. वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरण्यास फार वेग लागत नाही. पण मुदतीच्या दिवशी जोडणी अखंड राहावी लागते. वीस तारखेला संध्याकाळी तार तुटली, तर विलंबशुल्क व्यापाऱ्यालाच भरावे लागते.

भोरकडून वेल्ह्याकडे वळले, की प्रश्नाचे रूपच बदलते. या तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. २०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची सुमारे ५४ हजार होती. भोरला नगरपरिषद आहे, दाट बाजारपेठ आहे. वेल्हे तालुक्यात त्या जनगणनेत एकही शहर नव्हते. सारी वस्ती गुंजण मावळ आणि कानद खोऱ्यातील गावांत व वाड्यांत पसरलेली. केबलचा धंदा दाट वस्तीवर चालतो. शंभर हात तारेमागे दहा ग्राहक मिळाले, तर चालकाला परवडते. डीएसएलला दूरध्वनी केंद्र जवळ लागते. विखुरलेल्या वाडीला यांपैकी काहीच लाभत नाही. मोबाइलच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि समोर तोरणा किंवा राजगडासारखा डोंगर आला, की मागच्या खोऱ्यात त्यांची सावली पडते. एका ओसरीवर संदेश मिळतो आणि चार पावलांवरच्या माजघरात मिळत नाही, असेही होते.

या भागाला खरा उपाय काचतंतूचाच आहे. एकाच केंद्रातून निघालेला काचतंतू वीस किलोमीटरपर्यंत घरे जोडू शकतो आणि त्या अंतरात डीएसएलसारखा वेग कोसळत नाही. काच वीजवाहक नसल्याने पावसाळ्यात तांब्याच्या तारेतून मॉडेमपर्यंत पोहोचणारा विजेचा झटका तिच्यातून येत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याच्या केंद्रीय योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. पण ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आलेला धागा आपोआप दुकानात येत नाही. शेवटचे अर्धा-एक किलोमीटर कोण ओढणार आणि दरड कोसळून तो तुटल्यावर कोण जोडणार, हा प्रश्न उरतो. गावातील चार-पाच दुकानदार, पतसंस्था आणि शाळा यांनी मिळून एकत्र मागणी केली, तर चालकाला तो खर्च परवडण्याची शक्यता वाढते. एकेकट्याने अर्ज करून बसण्यापेक्षा हे बरे.

दरम्यान डीएसएल आणि केबल यांतील जुनी भिंतही पडत चालली आहे. भारत संचार निगम आपल्या तांब्याच्या तारांवरील ग्राहकांना काचतंतूवर आणत आहे आणि अनेक ठिकाणी घरापर्यंतचे काम स्थानिक भागीदारांकडे देते. त्यांत केबलचालकही असतात. २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या मोठ्या केबल कंपन्यांत बहुसंख्य हिस्सा घेण्याचा निर्णय जाहीर केला, तोही घराघरांत पोहोचलेल्या त्यांच्या तारांसाठीच. त्यामुळे आज नवी जोडणी घेणाऱ्याने ‘दूरध्वनी की केबल’ एवढ्यावर थांबू नये. काचतंतू मिळत असेल तर तो घ्यावा. तो मिळत नसेल, तर केंद्राजवळच्या घराने तार कोरडी असल्यास डीएसएल घ्यावे. केंद्रापासून दूरच्या पण दाट गल्लीतील घराने केबल घ्यावी.

मात्र सेवा कोणतीही असो, तीन गोष्टी आधी पाहाव्यात. त्याच गल्लीतील दोन-तीन ग्राहकांना रात्री नऊचा अनुभव विचारावा. दुपारी दाखवलेल्या वेगावर विसंबू नये. गेल्या जुलैत जोडणी किती दिवस बंद होती, हे विचारावे. आणि दुरुस्ती करणारा माणूस कोठे राहतो, ते विचारावे. तो भोरमध्येच राहत असेल तर संध्याकाळी येतो. पुण्याहून यायचा असेल तर दोन दिवस जातात. महिन्याला शंभर रुपये अधिक पडले तरी जवळचा दुरुस्तीवाला स्वस्त पडतो. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळते खरी, पण एक पावसाळा अनुभवल्याशिवाय तो मोह टाळावा.

खाली दुकान आणि वर घर असलेल्या कुटुंबाने हिशेबाचाही विचार करावा. इंटरनेटच्या देयकावर १८ टक्के कर लागतो. जोडणी व्यवसायासाठी असेल आणि देयकावर पेढीचा कर-नोंदणी क्रमांक असेल, तर तो कर नियमाप्रमाणे वजा मिळू शकतो. घरगुती वापरावरचा मिळत नाही, आणि कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यालाही मिळत नाही. त्यामुळे दोन जोडण्या दोन नावांनी घेणे हिशेबाला स्वच्छ असते. दोन्ही घ्यायच्याच असतील, तर त्या वेगवेगळ्या मार्गांनी याव्यात. एकाच खांबावरून आलेल्या दोन तारा एकाच फांदीखाली तुटतात.

शेवटचा मुद्दा घरातील वडीलधाऱ्यांचा. जुना दूरध्वनी वीज गेल्यावरही चालत असे, कारण त्याला लागणारी वीज केंद्रातील बॅटऱ्यांकडून तांब्याच्या तारेतूनच येई. काचतंतूवरचा दूरध्वनी तसा नाही. घरातील वीज गेली, की तोही मुका होतो. घरातील आजोबा मोबाइल वापरत नसतील, तर वादळी रात्री हा फरक जिवाशी येऊ शकतो. म्हणून तांब्याची तार सोडताना राऊटरसाठी लहान बॅटरी त्याच दिवशी बसवून घ्यावी. तसेच पेढीच्या पाटीवर आणि बिलबुकावर वर्षानुवर्षे छापलेला क्रमांक नव्या जोडणीवर कायम राहील का, हे लेखी विचारून घ्यावे. तो क्रमांक म्हणजे तीन पिढ्यांची ओळख असते. जुने ग्राहक तोच फिरवतात.

पुण्यात शिकलेला मुलगा किंवा नोकरी करणारी सून भोरला परतण्याचा विचार करते, तेव्हा दुकानाच्या उत्पन्नाइतकाच हाही प्रश्न विचारते, की घरून काम होईल का. घरात चातुर्मासातील प्रवचन पाहणारी आजी, परीक्षेचा अभ्यास करणारा नातू आणि विवरणपत्र भरणारा मुलगा एकाच वेळी बसले तर सर्वांचे निभेल का. या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येईल अशी तार निवडणे, हा घरखर्चाचा नव्हे तर घर एकत्र राखण्याचा निर्णय आहे. तो सणाच्या सवलतीत घाईने घेऊ नये. पाऊस सुरू असताना, शेजाऱ्यांना विचारून, घरातील सर्वांना जवळ बसवून घ्यावा.