गाणारा विद्यार्थी आणि आपण

वस्तिगृहात राहणाऱ्या मुलाचा गळा चांगला असला की ती बातमी पंचक्रोशीत पसरायला वेळ लागत नाही. पहाटेची वंदना त्याच्या आवाजात सुरू होते, स्वातंत्र्यदिनाचे समूहगीत तोच उचलून धरतो, आणि मग एके दिवशी शेजारच्या गावातील जयंती मंडळाचे दोन कार्यकर्ते मुख्याध्यापकांसमोर येऊन बसतात. "पोरगा आपल्याच समाजाचा आहे, सर. एका रात्रीचा तर प्रश्न आहे." विद्यार्थी असताना मी ढोलकी घेऊन अशा कार्यकर्त्यांच्या जीपमध्ये चढलो आहे आणि पुढे शिक्षक म्हणून अशा मंडळींना चहा पाजून परतही पाठविले आहे. धम्म, कला आणि शिक्षण यांचा मेळ कसा घालावा हा प्रश्न निघाला की मला म्हणूनच तत्त्वचर्चेआधी ती 'एक रात्र' आठवते.

माझी ती रात्र दहावीच्या वर्षातली. वर्षावास समाप्तीचा कार्यक्रम होता, रात्री दुय्यम कव्वाली होती आणि सकाळी प्रथम सत्राचा बीजगणिताचा पेपर. पहाटे चारपर्यंत मी वाजवीत होतो. कुणी जबरदस्ती केली नव्हती, उलट मलाच उठवत नव्हते. ढोलकीवर पन्नासची नोट ठेवली गेली तेव्हा आईला ती कशी दाखवू याचाच विचार मनात होता. पेपरात अर्धा तास झोप लागली. निकालानंतर मात्र तीच नोट ठेवणाऱ्या गृहस्थांनी विचारले, "काय रे, गणितात असे कसे झाले?" त्यांच्या प्रश्नात खोटेपणा नव्हता. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

अशा प्रसंगांवर काही ज्येष्ठ उपासक सरळ उपाय सांगतात: मुलांचे गाणे-बजावणे बंद करा. आधाराला ते अष्टशीलातील नृत्य, गीत व वादनापासून विरत राहण्याचे शील देतात. ते शील उपोसथाच्या दिवशी स्वेच्छेने घ्यावयाचे व्रत आहे. आपण मुलांना नित्य देतो त्या पंचशीलात संगीताचा निषेध नाही. दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात तर पञ्चसिख गंधर्व इंद्रसाल गुहेजवळ वीणा छेडून गातो, तेव्हा तथागत त्याला थांबवीत नाहीत. तारांचा सूर आणि गळ्याचा सूर उत्तम जुळला, असे म्हणून ते त्याची प्रशंसा करतात.

सोण कोळिविसाची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. चंपानगरीतील श्रीमंत घरचा हा तरुण भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याच्या तळपायांतून रक्त आले. फार ताणलेली तारही नको, सैल तारही नको, हा त्या कथेचा बोध प्रवचनांतून नेहमी सांगितला जातो. माझे लक्ष मात्र भगवंतांच्या एका प्रश्नाकडे जाते. गृहस्थ असताना तू वीणावादनात कुशल होतास ना, असे ते सोणाला विचारतात. त्याला जे येत होते, त्यातूनच त्यांनी त्याला धम्म समजावला. गाणाऱ्या विद्यार्थ्याला शिकविताना आपल्यापैकी किती जण त्याच्या गाण्यातून सुरुवात करतात? तालातील मात्रांच्या हिशेबातून मला अपूर्णांक कुणी शिकविले असते, तर बीजगणिताची भीती तरी वाटली नसती.

बाबासाहेबांचे बालपणही याच संदर्भात पाहावे. सुभेदार रामजी कबीरपंथी होते. त्यांच्या घरी सायंकाळी भजन-प्रार्थना होत असे आणि बहिणींच्या गोड गळ्यातील भक्तिगीतांनी मनावर केलेला परिणाम बाबासाहेबांना पुढेही आठवत राहिला. पण हेच वडील परळच्या चाळीतील एका खोलीत मुलाला रात्री दोन वाजता अभ्यासासाठी उठवीत आणि त्यासाठी त्याला लवकर झोपवीत. भजन होते, पण त्याने झोप खाल्ली नाही. तो समतोल मुलाने साधला नव्हता, घरातील मोठ्या माणसाने सांभाळला होता. उत्तरायुष्यात बाबासाहेब व्हायोलिन शिकू लागले, हेही संगीताला वेळेचा अपव्यय मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

दुसरे उदाहरण वामनदादा कर्डक यांचे. सिन्नर तालुक्यातील देसवंडीत १९२२ साली जन्मलेल्या या महाकवीला अक्षरओळख मोठेपणी, मुंबईत आल्यावर झाली. पुढची कित्येक वर्षे त्यांची गाणी गावोगाव गायली गेली, आजही आपल्या विहारांत गायली जातात. त्यांना अक्षर मिळाले नसते तर आपण काय गमावले असते, याचा विचार करावा. जे शिक्षण वामनदादांना इतक्या उशिरा मिळाले, ते आजच्या मुलाला वेळेवर मिळत असताना त्यांच्याच गाण्यांसाठी त्याला वर्गाबाहेर काढणे मला तरी अत्यंत विसंगत वाटते.

समाजसेवेबद्दल थोडेच लिहितो, कारण त्या बाबतीत मुले आपल्या पुढे आहेत. भंडारा जिल्ह्यात वर्षावास धानाच्या रोवणीच्या ऐन दिवसांत सुरू होतो. दिवसभर चिखलात वाकलेली माणसे संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन ऐकायला येतात आणि अनेक गावांत ते वाचन शाळकरी मुलगा किंवा मुलगीच करते. ऑगस्ट २०२० अखेर वैनगंगेला महापूर आला तेव्हा शाळा बंद होत्या, वस्तिगृहातील मुले घरीच होती. ज्याला आम्ही केवळ गायक समजत होतो, असा आमचा एक विद्यार्थी चार दिवस लोकांच्या घरांतील गाळ उपसत होता. त्याला कुणी बोलावणे पाठविले नव्हते. त्याचा व्हिडिओही कुणी काढला नाही.

तेव्हा माझे म्हणणे मुलांना नाही, निमंत्रण देणाऱ्यांना आहे. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा असा नियम आहेच. विद्यार्थ्याचे गाणे त्याच्याही आधी, पहिल्या तासात ठेवा. तारीख ठरविण्यापूर्वी शाळेचे परीक्षा वेळापत्रक मागा. बक्षिसाची नोट ढोलकीवर ठेवण्याऐवजी तेवढ्या रकमेची वह्या-पुस्तके द्या, किंवा वर्गणीतून वस्तिगृहासाठी आठवड्यातून दोन दिवस संगीत शिक्षक लावा. आणि मुलींना बोलावणार असाल तर नेण्या-आणण्याची जबाबदारी दोन ज्येष्ठ उपासिकांकडे सोपवा. गाणाऱ्या मुलींचे शिक्षण याच एका कारणावरून थांबलेले मी पाहिले आहे.

लाखनीजवळच्या एका मंडळाने गेल्या जयंतीला हे सारे मान्य केले. आमच्या नववीतील मुलाने साडेसातला दोन गीते गायली. नऊच्या आत गाडी वस्तिगृहाच्या फाटकाशी परत आली. तो उतरला तेव्हा त्याच्या एका हातात खंजिरी होती आणि दुसऱ्या हातात मंडळाने दिलेला शब्दकोश. कार्यक्रम अजून सुरू असेल, म्हणून तो थोडा नाराज होता.