गृहारोग्य : बीजाचीहि परीक्षा

लग्नास चार-पांच वर्षें लोटलीं आणि पाळणा हलला नाहीं, म्हणजे नवससायास, व्रतवैकल्यें व औषधपाणी यांस घरांत ऊत येतो. आणि तें सर्व एकट्या सुनेच्या वांट्यास! वस्तुतः अशा जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्यांत कारण पूर्णतः वा अंशतः पुरुषाकडे असतें. कधीं कधीं तें बाहेरून शरीरांत शिरलेल्या विषाचेंहि असतें.

१९७७ सालीं अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील लॅथ्रॉप येथें, डीबीसीपी नांवाचें कृमिनाशक तयार करणाऱ्या कामगारांच्या ध्यानीं आलें कीं, आपल्यापैकीं कित्येकांस मूल होत नाहीं. तपासणींत अनेकांच्या वीर्यांत शुक्रजंतु अत्यल्प, तर कांहींच्या वीर्यांत मुळींच आढळले नाहींत. एरव्हीं माणसें धडधाकट होतीं!

याहून सूक्ष्म प्रकार मायकेल स्किनर व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केला. विंक्लोझोलिन हें द्राक्षमळ्यांत वापरलेलें बुरशीनाशक त्यांनीं गाभण उंदरिणींस दिलें. त्यांच्या नरसंततीचे शुक्रजंतु उणावले. इतकेंच नव्हे, तर विषाशीं प्रत्यक्ष संबंध न आलेल्या चवथ्या पिढींतहि तो दोष दिसला. शुक्रजंतूंच्या डीएनएवरील मेथिल नांवाच्या रासायनिक खुणा बदललेल्या आढळल्या.

हें समजण्यास घरांतील पोथीच घ्यावी. एकहि अक्षर न बदलतां कोणी समासांत ‘हा अध्याय वाचावा’, ‘हा वगळावा’ अशा खुणा केल्या, तर पारायण निराळेंच होईल. जनुकांवरील या खुणांचें कार्य तसेंच. या शास्त्रास एपिजेनेटिक्स म्हणतात.

मात्र भयभीत होऊं नये. प्रयोगांतील मात्रा मोठी होती, आणि पुढें कांहीं संशोधकांस तो परिणाम पुन्हा आढळला नाहीं. तथापि धूम्रपान करणाऱ्यांच्या शुक्रजंतूंवरील खुणांतहि फरक दिसले आहेत. शुक्रजंतु तयार होण्यास सुमारें अडीच महिने लागतात; म्हणून अपत्याची इच्छा असणाऱ्यानें विडी-सिगारेट आजच सोडावी, आणि शेतमळ्यावर औषध फवारणाऱ्यानें हातमोजे व तोंडावर योग्य आच्छादन घालून ते कपडे वेगळे धुवावे.

आणि वडील मंडळींस एक विनंती. वीर्यतपासणी सोपी व अल्प खर्चाची आहे. ती सुनेच्या तपासणीबरोबरच व्हावी. दोष मुलाकडे निघाला, तरी तो त्याचा अपराध नव्हे. शेत नापीक ठरविण्यापूर्वीं बियाणें पाहावें, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. मग सुशिक्षित घरांस तें कां शिकवावें लागावें?