कारखान्याचा बॉयलर आणि घरची चूल



दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात बॉयलर अग्निप्रदीपनाचे समारंभ होतात. माळेगाव असो, सोमेश्वरनगर असो की भवानीनगर, रीत सगळीकडे सारखीच. एखादे संचालक सपत्नीक पूजेला बसतात, नारळ फुटतो, अग्नी पेटतो आणि उंच धुराड्यातून पहिला धूर वर गेला की आपण टाळ्या वाजवतो. त्याआधी सबंध बिगर हंगामात खोल-जोड झालेली असते. नळ्या घासतात, जाळ्या बदलतात, पंखे तपासतात, धुराडे साफ करतात. बॉयलर इन्स्पेक्टरने पास केल्याशिवाय कुणी काडी ओढत नाही.

समारंभ आटोपून ती माउली घरी जाते आणि भाकरीसाठी चुलीपुढे बसते. त्या चुलीची खोल-जोड कधी झाली? ती कुणी पास केली? धूर जातो कुठे? याचा हिशेब आपल्यापैकी कितीजणांजवळ आहे? आज आम्हांला लिहायचे आहे ते यावरच.

कुणी म्हणेल, आता चूल राहिली कुठे? गॅस घरोघर आलाय. खरे आहे. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि त्यातली जोडणी घरातल्या बाईच्या नावाने मिळते, ही फार चांगली गोष्ट झाली. पण आपल्या बारामती-इंदापूरच्या वस्त्यांवर पहाटे चक्कर मारून पाहा. चहा गॅसवर, भाजी गॅसवर. पण अंघोळीचे पाणी चुलीवर, जनावरांचे खाद्य चुलीवर आणि बाजरीची भाकरी तर चुलीवरच. गॅस घरात आला, म्हणून चूल घराबाहेर गेली नाही. ती पडवीत, नाहीतर पत्र्याच्या आडोशाला सरकली एवढेच. धूरही तिच्या मागोमाग तिकडे गेला, आणि बाईही.

जुन्या धाब्याच्या घरात निदान वर साणे असायचे. धूर तिथून निघून जाई. उसाच्या पैशातून आपण धाबे उतरवून स्लॅब टाकला. स्लॅबला साणे कोण ठेवणार? चूल तीच राहिली आणि धुराची वाट मात्र बुजली. पक्के घर बांधून आपण बायामाणसांच्या डोळ्यांत जास्तच धूर घातला, हे कबूल केले पाहिजे. घरातल्या धुरामुळे 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात बायका आणि लहान लेकरे सर्वांत जास्त धूर सोसतात, कारण चुलीजवळ तीच असतात.

निर्धूर चूल ही काही आजची गोष्ट नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कामातून मगन चूल निघाली. पुढे 1983 पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम देशभर राबवला. 2002 साली तो बंद होईपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसल्या, असे कागद सांगतात. त्यांतल्या आज किती पेटतात? त्यांतलीच एक आमच्या घरी होती. तिची हकीकत सांगतो, कारण ती बहुतेक घरांची आहे.

एके दिवशी सकाळी गवंडी आला. आम्ही उसाला पाणी द्यायला गेलो होतो. त्याने आल्या आल्या जुनी चूल फोडली आणि दीड-दोन तासांत दोन तोंडांची नवी चूल उभी करून, सही घेऊन पुढच्या घरी गेला. चूल ओली, वाळायला चार-आठ दिवस हवेत. त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही. भावकीतून भाकरी आल्या. पुढे चूल वाळली, तेव्हा कळले की मागच्या तोंडावर आमचे कालवणाचे पातेले बसतच नाही. भाकरी आरापुढे उभी करून शेकायला जागाच ठेवली नव्हती. धुराड्याचा पाईप पत्र्याच्या वर जेमतेम वीतभर. पश्चिमेचा वारा सुटला की धूर उलटा घरात. पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी. दिवाळीपर्यंत ते भोक आम्ही चिखलाने लिंपून टाकले आणि नव्या चुलीवर गोवऱ्या रचल्या.

आई तेव्हा एवढेच म्हणाल्या, “मला इचारलं असतं तर सांगितलं असतं. वारा कुठनं येतो ते मला ठावं, त्या गवंड्याला काय म्हाईत?”

सबंध योजनेचे पाणी कुठे मुरले, ते या एका वाक्यात आले. गवंड्याने विचारले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. सही आमची होती, चूल त्यांची होती.

आता कारखान्याकडे पाहा. बॉयलरमध्ये जे चिपाड जाते त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते, तरी ते धडाडून जळते. कारण खालून हवा मिळते आणि वरून धूर ओढून नेला जातो. घरच्या चुलीला वेगळा न्याय नाही. सरपण वाळलेले, खालून हवा आणि वर ओढणारे धुराडे, या तिन्ही गोष्टी असल्या तर चूल धुपत नाही. यातली एक जरी राहिली तरी बाकीच्या दोन वाया जातात. आणि कारखान्यात नवा बॉयलर बसवायचा झाला तर जुना आधी मोडून हंगाम बंद ठेवतात का? बॉयलरवर उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय त्याची दारे ठरवतात का? मग जिथे रोज दोन वेळा हंगाम चालतो, त्या घरात आपण हे का करतो?

गेल्या साली आम्ही घरची चूल पुन्हा बदलली. या खेपेला सूनबाईंनी जागा ठरवली, उंची ठरवली, पातेली गवंड्यापुढे मांडून तोंडांचे माप दिले. भाकरी शेकायला पुढे रुंद कट्टा ठेवायला लावला. जुनी चूल महिनाभर तशीच पेटत राहिली. नवी वाळली, तिच्यावर दूध उतू घातले, आठवडाभर भाकऱ्या करून पाहिल्या, एका बाजूचा वारा उलटत होता तो धुराडे दोन फूट वाढवून बंद केला, आणि मगच जुनीची माती परड्यात नेऊन टाकली. एक दिवसही कुणी उपाशी राहिले नाही.

त्यावरून जे कळले ते सभासदांसाठी लिहितो. स्लॅबला भोक पाडू नका, गळती कायमची लागते. पाईप बाजूच्या भिंतीतून बाहेर काढून सरळ वर न्या. तो छपराच्या माथ्यापेक्षा दोन-तीन फूट तरी वर हवा, वर टोपी हवी, आणि लाकडी वासा किंवा पाचटाचे छप्पर यांपासून चांगले अंतर हवे. महिन्यातून एकदा काजळी झाडलीच पाहिजे. तेवढे काम गड्यामाणसाने आपल्या अंगावर घ्यावे. पूर्वीचा सिमेंटचा पाईप असेल तर तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. तो करवतीने कापू नका, फोडू नका. त्याची धूळ छातीला फार वाईट. ओला करून अख्खा उतरवावा.

आणखी एक गोष्ट जिवावरची आहे. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत साचतो, आणि आपली चूल असते जमिनीवर. एकाच बंद खोलीत शेगडी-टाकी आणि पेटती चूल ठेवणे म्हणजे संकटाला आवतण देणे आहे. चूल आणि गॅस यांच्या खोल्या वेगळ्या करा.

ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत त्यांनी गोबरगॅसचाही विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो शेण लागते, पाच-सहा माणसांचा स्वयंपाक भागतो, आणि बाहेर पडणारी मळी उसालाच कामी येते. गोवऱ्या थापण्याचे काम वाचते ते वेगळेच. पाचट मात्र चुलीत घालू नये. ते भर्रकन पेटते, धूर फार करते आणि बाईला चुलीपासून हलू देत नाही. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते, त्याची जागा सरीत आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने पाचटाचा कोळसा करण्याची रीत बसवली आणि 2002 साली त्या कामाला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा वापरणे झाल्यास उघड्यावरच वापरावा. कोळशाच्या शेगडीतून विषारी वायू निघतो, त्याला धूरही नसतो आणि वासही नसतो. दार लावून ती पेटवणे जिवावर बेतते.

खर्चाचे म्हणाल, तर मातीची चूल आणि चांगले धुराडे यांचा खर्च ट्रॅक्टरच्या एका टायरपुढे काहीच नाही. आपल्यात अडचण पैशाची नसते. अडचण अशी की, ठिबक कुठले घ्यायचे याला घरात चार रात्री चर्चा होते, आणि चुलीला “आहे की, चाललंय” एवढ्यावर भागते.

शेवटी एक सूचना. वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाच्या दरावर, रिकव्हरीवर, तोडणीच्या पाळीवर आपण तावातावाने बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण बहुतेक शेअर्स पुरुषांच्या नावावर, त्यामुळे चुलीवरचे बोलणे सभेत येत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की, कारखान्याने प्रत्येक गटात दोन-चार गवंडी तयार करावेत, गट ऑफिसच्या आवारात एक चूल बांधून पेटती दाखवावी, आणि ती पाहायला सभासदाने एकटे न येता घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला बरोबर आणावे. चूल कशी हवी ते तिने सांगावे आणि गवंड्याने तशी बांधावी. महिन्याने ती “बरी आहे” म्हणाली तरच काम पुरे झाले असे धरावे. गवंड्याच्या कागदावर सही तिचीच असावी.

कारखान्याचा बॉयलर इन्स्पेक्टर पास करतो. घरच्या चुलीची इन्स्पेक्टर घरातच आहे. यंदा बॉयलर पेटण्याआधी तिला एकदा विचारा: “धूर कुठं जातो गं?” ती काय सांगते ते बसून ऐका, आणि मग गवंड्याला बोलवा.