कॅमेरे लावलेत, पण काम थांबवणार कोण?

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक, चेन्नई मेट्रो रेल लिमिटेड, नंदनम
आणि मुंबई-पुण्यात दाट वस्तीखाली बोगदे खणवून घेणारे सर्व संबंधित

महोदय,

तिरुवल्लिकेणीत राहणाऱ्या एका मराठी माणसाचं हे पत्र. आमच्या पश्चिमेला अण्णा सालैखालून तुमच्या पहिल्या टप्प्याचा बोगदा जातो. दक्षिणेला मरीनाच्या लाइटहाउसपासून पूनमल्लीची २६.१ किलोमीटरची मार्गिका सुरू होते. २०२३मध्ये तिथूनच तुम्ही ‘फ्लेमिंगो’ हे बोगदायंत्र जमिनीत सोडलंत. पार्थसारथी देवळाभोवतीची आमची घरं भिंतीला भिंत लागून उभी आहेत. बऱ्याच जुन्या घरांची छतं सागवानी तुळयांवर चुन्यात विटा बसवून केलेली, ज्यांना इथे मद्रास टेरेस म्हणतात. अशा घराखालची जमीन थोडी जरी खचली तरी तडा जायला वेळ लागत नाही.

हल्ली कुठल्याही मोठ्या बांधकामावर कॅमेरे असतात, वरून ड्रोन फिरतो आणि साहेब कार्यालयात बसून पडद्यावर काम पाहतात. त्यात वाईट काही नाही. दूरच्या साइटवर रोज जाणं कोणालाच जमत नाही. पण हे कॅमेरे बहुतेक आतल्या बाजूला रोखलेले असतात: सिमेंटची पोती, डिझेल, कामगाराच्या डोक्यावर हेल्मेट आहे की नाही. शिवाय कॅमेऱ्याला पृष्ठभागाच्या आतलं दिसत नाही. ९ एप्रिल २०१७ रोजी अण्णा सालैवर रस्ता खचला आणि शहर बस व एक मोटार खड्ड्यात गेली, तेव्हा खाली मेट्रोचं खोदकाम चालू होतं. वर लावलेल्या कॅमेऱ्याला आदल्या क्षणापर्यंत साधा डांबरी रस्ताच दिसला असता.

आतलं सांगणारी उपकरणं वेगळी आहेत आणि ती तुमच्याकडे आहेत. घरांच्या भिंतींवर चिकटवलेले काचेचे प्रिझम, ज्यांच्याकडे रोखलेली दुर्बीण मिलिमीटरचा फरक टिपते. जमिनीत उभी पुरलेली नळी, जी माती कुठल्या बाजूला सरकते ते सांगते. भूजलाचा दाब मोजणारा पिझोमीटर, भिंतीचा कल मोजणारा टिल्टमीटर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बोगदायंत्राचंच मोजमाप: यंत्र जेवढं पुढे सरकलं त्या हिशेबापेक्षा जास्त माती बाहेर आली, तर वर कुठेतरी पोकळी होत आहे. मुंबईत गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींखालून मेट्रो ३ गेली, पुण्यात कसबा-मंडईखालून बोगदा गेला, तो असल्याच मोजमापांच्या भरवशावर. आकड्यांना तीन पायऱ्या ठरवलेल्या असतात: अलर्ट, अॅक्शन, अलार्म.

माझा प्रश्न यापुढचा आहे. रात्री अडीच वाजता आकडा अलार्मवर गेला, तर यंत्र थांबवायचा हुकूम कोण देतो? ठेकेदाराचा अभियंता, ज्याला रोजची प्रगती दाखवायची आहे? की वरिष्ठांना फोन लागेपर्यंत काम चालूच राहतं?

हा प्रश्न नुसता शंकेखोरपणा नाही. १२ जून २०२५च्या रात्री तुमच्याच माधवरम-शोळिंगनल्लूर मार्गिकेवर मणपाक्कमजवळ दोन गर्डर कोसळले आणि खालून जाणारा दुचाकीस्वार गेला. तुम्ही नंतर ठेकेदाराला एक कोटीचा दंड केलात. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला एण्णूरच्या औष्णिक वीज प्रकल्पावर पोलादी कमान कोसळून नऊ मजूर मेले, बहुतेक आसामचे. महाराष्ट्रात ३१ जुलै २०२३च्या रात्री शहापूरजवळ सरलांब्याला समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर पडला. वीस जण गेले. देशातली नावाजलेली कामं ही, देखरेखीला तोटा नसलेली. दंड आणि चौकशी अपघातानंतर येतात. काम वेळीच थांबवल्याची बातमी मात्र मी अजून वाचलेली नाही.

नोंदी काम करवून घेणाऱ्यांच्याच ताब्यात राहिल्या की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. रोजगार हमीच्या कामांवर मोबाइलवरून हजेरीचे फोटो चढवण्याची सक्ती झाली, आणि जुलै २०२५मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावं लागलं की लोक फोटोचे फोटो काढून चढवत आहेत. यंत्रणा चालू होती, पडदाही भरलेला होता.

म्हणून मागणी करतो. मोजमापाची उपकरणं आणि चित्रीकरण ठेकेदाराऐवजी स्वतंत्र संस्थेकडे द्या आणि तिचं बिल तुम्ही थेट भरा. अलार्म वाजताच साइटवरचा सुरक्षा अभियंता कोणालाही न विचारता काम थांबवू शकेल, असं करारात लिहा. थांबलेल्या तासांचा भुर्दंड त्याच्या किंवा ठेकेदाराच्या माथी मारू नका, नाहीतर कोणीच थांबवणार नाही. आणि जिथे जिथे घरांखाली खोदकाम चालू असेल, तिथे गल्लीच्या तोंडाशी फलक लावून त्या भागातले कालचे आकडे तमिळमध्ये लिहा, मुंबई-पुण्यात मराठीत. त्याखाली काम थांबवण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचं नाव आणि रात्री उचलला जाणारा फोन नंबर द्या.

आपला,
तिरुवल्लिकेणीचा एक रहिवासी