वृद्धांपुढील हातचलाखी

स्मृतिभ्रंश वा पक्षाघात झालेल्या वृद्धांना जादूचे प्रयोग दाखवावेत, ही कल्पना स्वागतार्हच आहे. मात्र ‘मघाशी कोणते पान काढले होते?’ हा प्रश्न विस्मरणाने गांजलेल्या माणसास चारचौघांत ओशाळे करतो. त्यापेक्षा आजोबांच्या फुंकरीने दोरीची गाठ सुटावी. तीस ना स्मरणशक्ती लागते, ना बोटांचे बळ. नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक पथ्य आहे. सातपुड्याच्या या पट्ट्यात वृद्ध स्त्रियांना डाकीण ठरवून छळल्याच्या घटना घडल्या आहेत. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी केवळ कायद्याने समजूत कुठे जाते? असंबद्ध बोलणाऱ्या म्हातारीच्या मुठीतून नाणे नाहीसे झाले, तर बघ्यांच्या मनात काय येईल? अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कार करून लगेच त्यामागील युक्ती उघड करतात. जादूगारानेही नाणे स्वतःच्याच मुठीतून नाहीसे करावे आणि युक्ती गावकऱ्यांदेखत उलगडावी.