वीजसाठ्याचे खरे माप

विहिरीवर किती अश्वशक्तीचा पंप बसविला आहे, एवढ्यावरून तिच्यात पाणी किती आहे हे कळत नाही. पंप मोठा असूनही पाणी तासाभरात आटले, तर निम्मे रान कोरडेच राहते. वीजपुरवठ्याच्या जाळ्यास जोडलेल्या मोठ्या बॅटऱ्यांसही हाच न्याय लागू आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील हॉर्न्सडेल येथे २०१७ साली उभारलेल्या बॅटरीची शक्ती १०० मेगावॉट, तर साठा १२९ मेगावॉट-तास, म्हणजे १,२९,००० युनिट होता. पूर्ण शक्तीने वापरल्यास तो सुमारे सव्वा तास पुरे. पुरवठ्याचा बिघडलेला तोल क्षणार्धात सावरणे हे तिचे मुख्य काम असल्याने तेवढा साठा उपयोगी पडला. २०२० साली ती वाढविण्यात आली.

परंतु दिवसाची सौरवीज रात्रीच्या ओलितासाठी राखावयाची असेल, तर साठा किती तासांचा, हाच प्रश्न मुख्य होय. शिवाय भरलेली सर्व वीज परत मिळत नाही, आणि वर्षागणिक बॅटरीची धारणशक्तीही घटते. म्हणून माप घ्यावयाचे ते प्रत्यक्ष परत मिळालेल्या युनिटांचे, आणि तेही दरवर्षी.

केवळ मेगावॉटचा आकडा सांगणे म्हणजे अर्धेच माप सांगणे होय. वीजसाठ्याची योजना गावापुढे येईल तेव्हा ग्रामकार्यकर्त्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: शक्ती किती, ती किती तास मिळणार, आणि दहा वर्षांनी त्यातले किती उरणार? यांची लेखी उत्तरे मिळाल्याखेरीज शेतकऱ्यांनी त्या विजेच्या भरवशावर पिकाचा बेत आखू नये.